एक जहाज, दोन ध्वज : ‘ट्रेंटन’ ते ‘जलाश्व’

प्रस्तावना :

नाविक इतिहासाच्या लेखनात तोफा, क्षेपणास्त्रे आणि भर समुद्रातील लढाया यांना जेवढे स्थान मिळते तेवढे माणसे वाहून नेणाऱ्या जहाजांना मिळत नाही. सैन्य, रणगाडे व सामग्री किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्या जहाजांचा उल्लेख बहुधा एखाद्या वाक्यात संपतो. भारतीय नौदलाचे ‘आयएनएस जलाश्व’ हे याच वर्गातील जहाज आहे. १९७१ मध्ये ते ‘यूएसएस ट्रेंटन’ या नावाने अमेरिकन नौदलात दाखल झाले आणि २००७ मध्ये भारताने ते विकत घेतले. एकाच सांगाड्याने दोन देशांच्या ध्वजांखाली मिळून अर्धशतकाहून अधिक काळ सेवा केल्याचे हे उदाहरण आहे.

प्रस्तुत लेखात या जहाजाच्या सेवेचा आढावा घेतला आहे. परंतु केवळ सनावळी देणे हा त्याचा हेतू नाही. शत्रूच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवण्यासाठी बांधलेल्या या जहाजाची जी कामे आज लक्षात राहिली आहेत, त्यांतील बहुतेक नेमकी उलट्या दिशेची आहेत. संकटात सापडलेली माणसे किनाऱ्यावरून उचलून सुरक्षित जागी आणणे, हे ते काम होय. या जहाजाच्या खरेदीवर भारतात कठोर टीका झाली. त्या टीकेचे मूल्यमापन करताना ही वस्तुस्थिती ध्यानात घ्यावी लागते, आणि तरीही टीकेतील तथ्य नाकारता येत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

रचना व तिचे मर्म :

नौदलेतर विषयांच्या अभ्यासकांसाठी येथे थोडा तांत्रिक खुलासा आवश्यक आहे. सैन्य किनाऱ्यावर उतरवण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिल्या पद्धतीत जहाज स्वतःच वाळूवर चढते, नाळेकडील दरवाजे उघडतात आणि रणगाडे थेट पुळणीवर उतरतात. दुसऱ्या महायुद्धात ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. भारतीय नौदलातील ‘मगर’ व ‘शार्दूल’ या वर्गांतील जहाजे याच प्रकारची. मात्र अशा जहाजाचा तळ सपाट व उथळ ठेवावा लागतो, त्यामुळे त्याच्या आकारावर मर्यादा येतात. शिवाय ज्या किनाऱ्यावर ते चढणार तेथील उतार व वाळू अनुकूल असावी लागते.

दुसऱ्या पद्धतीत मोठे जहाज किनाऱ्यापासून दूरच थांबते. त्याच्या पोटात, पिछाडीच्या बाजूला, एक गोदीच बांधलेली असते. जहाजाच्या टाक्यांत समुद्राचे पाणी भरून घेतले की पिछाडी खाली बसते, मागचे अजस्र दार उघडते आणि गोदीत पाणी शिरते. मग आतल्या छोट्या उतरण-नौका तरंगू लागतात व सैनिक आणि वाहने घेऊन किनाऱ्याकडे जातात. टाक्यांतील पाणी बाहेर काढले की जहाज पुन्हा पूर्ववत वर येते. गोदीच्या वरच्या बाजूस हेलिकॉप्टरांसाठी विस्तीर्ण तळ असतो. या प्रकाराला ‘लँडिंग प्लॅटफॉर्म डॉक’ असे म्हणतात.

‘ट्रेंटन’ हे अमेरिकेच्या ‘ऑस्टिन’ वर्गातील जहाज. या वर्गात एकूण बारा जहाजे बांधली गेली. त्याची लांबी सुमारे १७३ मीटर, पूर्ण भारासह विस्थापन सुमारे १७,००० टन, आणि वेग ताशी वीस सागरी मैलांच्या आसपास, म्हणजे सुमारे ३७ किलोमीटर. जहाज बाष्पशक्तीवर चालते : दोन बॉयलर व दोन टर्बाइन. आठशे ते हजार सैनिक, त्यांची वाहने आणि ‘एलसीएम-८’ प्रकारच्या चार उतरण-नौका ते वाहून नेऊ शकते. या आकडेवारीत संरक्षणासाठीची शस्त्रे फारच थोडी आहेत. जहाजाच्या मध्यभागी आहे ती पोकळी. त्याची सारी उपयुक्तता या मोकळ्या जागेत आहे, आणि तेथे कोण बसणार हे जहाज बांधणाऱ्याच्या हाती नसते.

त्याच्या भारतीय नावाविषयी एक गोष्ट नमूद करण्याचा मोह होतो. ‘जलाश्व’ म्हणजे शब्दशः पाण्यातील घोडा. मराठीत आपण ज्याला पाणघोडा म्हणतो तो प्राणी. अर्धे अंग पाण्यात बुडवून निवांत राहणाऱ्या त्या बोजड प्राण्याचे नाव, पिछाडी बुडवून काम करणाऱ्या जहाजाला देणाऱ्याच्या कल्पकतेला दाद द्यावी लागेल. मूळ नावही अप्रस्तुत नव्हते. न्यू जर्सीतील ट्रेंटन येथे डिसेंबर १७७६ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी विजय मिळवला तो रात्री होड्यांतून डेलावेअर नदी ओलांडून.

‘ट्रेंटन’ : १९७१ ते २००७ :

या जहाजाची बांधणी सिएटल येथील लॉकहीड कंपनीच्या कारखान्यात १९६६ मध्ये सुरू झाली. १९६८ मध्ये जलावतरण झाले आणि ६ मार्च १९७१ रोजी ते नौदलात दाखल झाले. पुढील छत्तीस वर्षांतील बराच काळ भूमध्य समुद्र, कॅरिबियन समुद्र व नंतर पर्शियन आखात येथील नियमित गस्तीत गेला. त्यांपैकी तीन प्रसंग येथे विचारात घेतले आहेत.

पहिला प्रसंग लष्करी स्वरूपाचा आहे. इराण-इराक युद्धाच्या अखेरच्या वर्षात, १४ एप्रिल १९८८ रोजी, ‘सॅम्युएल बी. रॉबर्ट्स’ ही अमेरिकन फ्रिगेट पर्शियन आखातात सुरुंगावर आदळली. प्रत्युत्तरादाखल १८ एप्रिल रोजी अमेरिकेने इराणी लक्ष्यांवर हल्ला केला. या कारवाईत ‘ट्रेंटन’ हे ‘मेरिल’ व ‘लिंड मॅकॉर्मिक’ या विनाशिकांसमवेत सासान येथील तेलमंचावरील हल्ल्यात सहभागी होते. विनाशिकांच्या तोफांच्या माऱ्यानंतर ‘ट्रेंटन’वरील मरीन सैनिक मंचावर उतरले आणि त्यांनी स्फोटके लावून तो निकामी केला. जहाज ज्या कामासाठी बांधले होते त्याच्या जवळ जाणारा हा प्रसंग. तोही किनाऱ्यावरचा नव्हे, समुद्रातील एका लोखंडी मंचावरचा.

दुसरा प्रसंग जानेवारी १९९१ मधील मोगादिशूचा. कुवेत मुक्त करण्याच्या मोहिमेसाठी अमेरिकेचा मोठा उभयचर ताफा ओमानच्या किनाऱ्यालगत जमला असतानाच सोमालियातील सियाद बारे यांची राजवट कोसळू लागली. राजधानीतील अमेरिकन दूतावासाभोवती गोळीबार सुरू झाला. २ जानेवारी रोजी ‘ग्वाम’ व ‘ट्रेंटन’ ही दोनच जहाजे ताफ्यातून वेगळी काढून दक्षिणेकडे धाडण्यात आली. परिस्थिती इतक्या झपाट्याने बिघडली की जहाजे जवळ पोचण्याची वाट पाहणे अशक्य झाले. ५ जानेवारीच्या पहाटे, मोगादिशूपासून ४६६ सागरी मैल दूर असतानाच, या दोन जहाजांच्या तुकडीतून दोन अवजड हेलिकॉप्टरे निघाली. वाटेत हवेतच इंधन भरून घेत ती दूतावासात पोचली, रक्षणासाठी सैनिक उतरवून पहिल्या तुकडीला घेऊन परतली. त्या रात्री उर्वरित लोकांना हलवण्यात आले. एकूण २८१ जण, तीस देशांचे नागरिक, त्यांत अनेक राष्ट्रांचे राजदूत, मस्कतला सुखरूप पोचवले गेले. कुवेतसाठीचे हवाई युद्ध सुरू व्हायला तेव्हा दोन आठवडेही उरले नव्हते. त्या महायुद्धसदृश तयारीच्या गडबडीत ही घटना झाकोळून गेली, यात नवल नाही.

तिसरा प्रसंग भारतीय वाचकाला अधिक जवळचा वाटेल. जुलै २००६ मध्ये लेबनॉनवर इस्रायली हल्ले सुरू झाले आणि बैरूतमध्ये अडकलेल्या परदेशी नागरिकांच्या सुटकेसाठी अनेक नौदलांची जहाजे तेथे पोचली. अमेरिकन नागरिकांना सायप्रसला नेणाऱ्या जहाजांत ‘ट्रेंटन’ होते. त्याच दिवसांत भारतीय नौदलाची ‘ऑपरेशन सुकून’ ही मोहीम चालू होती. भूमध्य समुद्रातून मायदेशी परतत असलेली ‘मुंबई’, ‘ब्रह्मपुत्र’ व ‘बेटवा’ ही जहाजे आणि ‘शक्ती’ हे तेलवाहू जहाज बैरूतकडे वळवण्यात आले. त्यांनी २,२८० लोकांना लार्नाकाला पोचवले; त्यांत भारतीयांसह श्रीलंका व नेपाळचेही नागरिक होते. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली ‘मुंबई’ ही विनाशिका आहे. प्रवासी घेण्यासाठी तिची रचना मुळीच केलेली नाही. शेकडो स्त्री-पुरुष-मुलांना खलाशांच्या खोल्यांत व उघड्या डेकवर सामावून घ्यावे लागले. म्हणजे जे काम भारतीय विनाशिका व फ्रिगेट अडचणीत करत होत्या, त्याच कामास सर्वथा योग्य असे जहाज त्याच समुद्रात परक्या ध्वजाखाली वावरत होते. सहा महिन्यांनी तेच जहाज भारताचे झाले.

खरेदी आणि लेखापरीक्षण :

१७ जानेवारी २००७ रोजी नॉरफोक येथे ‘ट्रेंटन’ अमेरिकन सेवेतून निवृत्त झाले आणि त्याच दिवशी भारताकडे सुपूर्द करण्यात आले. आवश्यक दुरुस्तीनंतर २२ जून २००७ रोजी, तेव्हाचे भारताचे राजदूत रोनेन सेन यांच्या उपस्थितीत, ते ‘आयएनएस जलाश्व’ म्हणून भारतीय नौदलात दाखल झाले. किंमत सुमारे पाच कोटी डॉलर. त्याच्यासोबत सहा ‘यूएच-३एच’ हेलिकॉप्टरेही स्वतंत्र मोबदल्यात घेण्यात आली. विशाखापट्टणम येथील पूर्व नौदल विभाग हा त्याचा तळ ठरला. ‘विराट’ या विमानवाहू नौकेच्या खालोखाल ती त्या वेळची सर्वांत मोठी भारतीय युद्धनौका होती.

या खरेदीमागे २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीचा अनुभव होता. भारतीय नौदलाने तेव्हा स्वतःच्या किनाऱ्याबरोबरच श्रीलंका, मालदीव व इंडोनेशिया येथे तातडीने मदत पोचवली. त्याच वेळी मोठ्या वहनक्षमतेच्या जहाजाची उणीवही जाणवली. याशिवाय गोदीयुक्त जहाज चालवण्याचा अनुभव भारताकडे नव्हता. जुने जहाज घेऊन तो मिळवावा व पुढे स्वतः अशी जहाजे बांधावीत, असा विचार त्यामागे होता.

जहाज दाखल होऊन वर्ष उलटायच्या आतच दोन आघात झाले. फेब्रुवारी २००८ च्या आरंभी, सरावासाठी समुद्रात असताना, जहाजावर विषारी वायूची गळती होऊन नौदलाचे सहा जण मृत्युमुखी पडले. हा वायू हायड्रोजन सल्फाइड असल्याचे नौदलाने सांगितले. साचलेल्या सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थ कुजून तो तयार होऊ शकतो. हवेपेक्षा जड असल्याने तो खालच्या भागात साठतो, आणि त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास ओळखण्याची शक्तीच बधिर करतो. म्हणजे धोक्याची सूचना देणारी दुर्गंधी धोका सर्वाधिक असतानाच नाहीशी होते. रसायनशास्त्राच्या अध्यापकांना हे नवीन नाही. परंतु जहाजाच्या बंदिस्त कप्प्यात हे ज्ञान कृतीत उतरवावे लागते, आणि तेथे चूक सुधारायला क्षणांचाच अवधी असतो.

त्यानंतर काही आठवड्यांतच, मार्च २००८ मध्ये, भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. जहाजाचे योग्य मूल्यमापन न करता घाईने खरेदी झाली. अमेरिकन नौदल स्वतःच ज्याला निवृत्त करत होते असे छत्तीस वर्षे जुने जहाज घेतले गेले. आणि कराराच्या अटींमुळे त्याच्या आक्रमक वापरावर निर्बंध आले, तसेच दिलेल्या सामग्रीची तपासणी करण्याची मुभा परकीय सरकारला मिळाली, असे आक्षेप त्यात होते. वृत्तपत्रांत साहजिकच या दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्या गेल्या. येथे सावधगिरी बाळगणे इष्ट आहे. जहाज जुने होते आणि जहाजावर अपघात झाला, या दोन विधानांमधून जुनेपणामुळे अपघात झाला हे तिसरे विधान आपोआप निष्पन्न होत नाही. असा वायू नव्या जहाजावरही जीव घेऊ शकतो.

आक्षेपांपैकी आक्रमक वापरावरील निर्बंधाचा मुद्दा प्रस्तुत लेखकाला सर्वांत गंभीर वाटतो. युद्धनौका विकत घ्यायची आणि ती युद्धात कशी वापरायची याविषयी विक्रेत्याची अट मान्य करायची, यातील विसंगती उघड आहे. सार्वभौमत्वाच्या दृष्टीने तिचे समर्थन करणे कठीण. तथापि ज्या कामांत हे जहाज प्रत्यक्षात वापरले गेले त्यांत ही अट आड आली नाही, कारण ती कामे आक्रमणाची नव्हतीच.

‘जलाश्व’ची सेवा :

उभयचर युद्धाचे वार्षिक सराव, अंदमान-निकोबार बेटांपर्यंतची वाहतूक आणि पूर्व किनाऱ्यावरील चक्रीवादळांच्या वेळची सज्जता यांत हे जहाज नियमितपणे दिसते. २०११ मध्ये लिबियातील यादवीच्या वेळी ‘म्हैसूर’ व ‘आदित्य’ यांच्यासह त्याला भूमध्य समुद्राकडे धाडण्यात आले. मात्र त्या मोहिमेत परतलेल्या सुमारे पंधरा हजार भारतीयांपैकी बहुसंख्य विमानांनी आले. ताशी वीस सागरी मैलांचे जहाज भारतातून सुएझ ओलांडून लिबियाला पोचेपर्यंत कितीतरी विमाने जाऊन येतात. त्यामुळे विमानतळ चालू असतील तेव्हा अशा जहाजाची उपयुक्तता मर्यादित राहते.

विमाने जमिनीवर बसली तेव्हा मात्र चित्र पालटले. २०२० च्या टाळेबंदीत मे ते जुलै या काळात नौदलाने ‘समुद्र सेतू’ ही मोहीम राबवली. तिची पहिली फेरी ‘जलाश्व’ची होती. मालेहून निघालेले ६९८ भारतीय १० मे रोजी कोचीला उतरले. त्यांत काही गर्भवती स्त्रियाही होत्या. दोनच दिवसांनी वाळूवर चढणाऱ्या प्रकारातील ‘मगर’ त्याच मार्गाने २०२ जणांना घेऊन आले. त्यानंतर ‘जलाश्व’ने मालेहून कोचीस ५८८, कोलंबोहून तुतिकोरिनला ६८६, मालेहून तुतिकोरिनला ७०० आणि इराणमधील बंदर अब्बासहून तुतिकोरिनला ६८७ जण आणले. ‘शार्दूल’ने बंदर अब्बासहून पोरबंदरला २३३ आणि ‘ऐरावत’ने मालेहून १९८ जण आणले. मोहिमेतील एकूण संख्या ३,९९२. वरील आकड्यांची बेरीज केल्यास त्यांपैकी ३,३५९ जण, म्हणजे सुमारे ८४ टक्के, एकट्या ‘जलाश्व’ने आणल्याचे दिसते.

या तफावतीचे कारण रचनेत आहे. साथीच्या काळात प्रवाशांत अंतर राखणे, खलाशी व प्रवासी यांचे मार्ग वेगळे ठेवणे, स्वच्छतागृहांची स्वतंत्र विभागणी करणे ही कामे जागा मुबलक असेल तरच साधतात. ‘मगर’ प्रकारच्या जहाजात दोनशे माणसे बसवताना जी ओढाताण होते ती ‘जलाश्व’मध्ये सातशेंच्या बाबतीतही होत नाही. सैनिकांच्या संपूर्ण बटालियनसाठी राखलेली दालने, त्यांचे भटारखाने, रुग्णकक्ष हे सर्व जसेच्या तसे उपयोगी पडले. पुढील वर्षी, मे २०२१ मध्ये, ऑक्सिजनच्या भीषण टंचाईत परदेशातून ऑक्सिजनचे टँकर व सिलिंडर आणणाऱ्या नौदलाच्या जहाजांतही ते होते. लेखापरीक्षण अहवालातील कोणत्याही रकान्यात हे उपयोग मावणारे नव्हते; अहवालाचा तो हेतूही नव्हता. लेखापरीक्षक खरेदीची प्रक्रिया तपासतो आणि इतिहास वापराचे फलित पाहतो. एकाच्या निष्कर्षाने दुसऱ्याचा निष्कर्ष खोटा ठरत नाही.

उत्तराधिकारी जहाजांचा प्रश्न :

या खरेदीतील खरी त्रुटी २००७ च्या करारापेक्षा त्यानंतरच्या वर्षांत शोधावी लागते. ‘जलाश्व’ हा तात्पुरता पर्याय होता. त्याच्यावर अनुभव घेऊन तशी चार जहाजे भारतीय कारखान्यांत बांधावयाची होती. त्यासाठी २०१३ मध्ये निविदा मागवण्यात आल्या. स्पर्धक खासगी कारखान्यांच्या आर्थिक अडचणी व प्रक्रियेतील विलंब यांत वर्षे गेली आणि २०२० मध्ये, म्हणजे हे जहाज ‘समुद्र सेतू’मध्ये सर्वाधिक राबले त्याच वर्षी, ती निविदा रद्द झाली. २०२१ मध्ये कारखान्यांकडून नव्याने माहिती मागवून प्रक्रियेला पुन्हा आरंभ करण्यात आला.

दरम्यान सोबतच्या गोष्टी एकेक करून निघून गेल्या. ‘मगर’ मे २०२३ मध्ये निवृत्त झाले. जहाजासोबत आलेल्या ‘यूएच-३एच’ हेलिकॉप्टरांना २८ जून २०२४ रोजी विशाखापट्टणमच्या ‘आयएनएस डेगा’ या तळावर निरोप देण्यात आला. बाष्पशक्तीवर चालणारे जहाज सांभाळणे हेही दिवसेंदिवस अवघड होणारे काम आहे. बॉयलरला लागणारे शुद्ध पाणी, नळ्यांची झीज, मूळ उत्पादन केव्हाच थांबलेले सुटे भाग आणि बाष्पयंत्रांवर शिकून तयार झालेली माणसे, या सगळ्यांचा पुरवठा आटत जातो. जहाज पन्नाशी ओलांडून चालते ठेवणाऱ्या अभियंत्यांचे श्रेय मोठे आहे. परंतु त्या श्रेयाच्या आधारे उत्तराधिकारी जहाजाची निकड पुढे ढकलत राहणे योग्य नव्हे.

नोव्हेंबर २०१९ मध्ये भारत व अमेरिका यांच्या तिन्ही सेनादलांचा ‘टायगर ट्रायम्फ’ हा आपत्ती-मदतीचा सराव विशाखापट्टणम व काकीनाडा येथे प्रथम झाला, तेव्हा भारतीय बाजूचे प्रमुख जहाज ‘जलाश्व’ होते. एप्रिल २०२५ च्या सरावातही ते होते. त्या वेळी अमेरिकेकडून आलेले ‘कॉमस्टॉक’ हेही पोटात गोदी असलेलेच जहाज. ते १९९० मध्ये सेवेत दाखल झाले, तेव्हा ‘ट्रेंटन’ला एकोणीस वर्षे पूर्ण होत आली होती.